पोटओळ

१. विटांखाली

विटा जागच्या जागी होत्या, फळ्या जागच्या जागी होत्या, फळ्यांच्या मधे वाळायला दाबून ठेवलेलं कार्ड तेवढं गायब होतं. त्याच्या जागी त्याच मापाचे कोऱ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे कुणीतरी नीट सरकवून ठेवले होते.

"सकाळी उठले ती थेट इथे आले," वहिनी म्हणाल्या. "हात घातला आणि कळलं. वन्सं, माझा जीवच काढून नेला हो कुणीतरी."

वन्सं म्हणजे त्यांची नणंद. बाकी सगळ्यांची आत्या. आत्यांनी छत्तीस वर्षं टपालखात्यात काढली होती आणि त्यातली तीस बेवारस पत्रांच्या टेबलावर. पत्ता पुसलेली, अर्धवट लिहिलेली, ना घेणारा ना पाठवणारा अशी पत्रं तिथे येऊन पडायची आणि ती कुणाची हे शोधायचं काम आत्यांचं. निवृत्त झाल्यापासून त्या गल्लीतल्या हरवलेल्या चष्म्यांचा आणि मांजरांचा माग काढत. "वन्संना रिकामपणाचे उद्योग," असं वहिनी येताजाता म्हणायच्या. आज मात्र सकाळी आठाच्या आत त्यांनीच फोन केला होता, आणि आत्यांनीही चहाचा कप अर्धा टाकून चपला पायात सरकवल्या होत्या.

खोली लांबट होती. खिडकीखाली एकच मोठं टेबल, त्यावर कात्र्या, पाती, ठसे, गोंदाच्या वाट्या आणि पूड वितळवायचं गरम हवेचं यंत्र. वर दोरी ताणलेली, तिला चिमट्यांनी कार्डं लटकलेली. या खोलीत फक्त शुभेच्छापत्रं बनत, हाताने, कागदावर कागद चढवून. बनवणारी माणसं तीन. वहिनी स्वतः, त्यांची मुलगी थोरली, आणि शाया घोटणारे शाईकाका.

"कार्ड होतं कसं?" आत्यांनी विचारलं.

"सात थरांचं. मागे आभाळ, मग डोंगर, मग झाडं, घर, आणि पुढे खाली शेत. सगळं निळं, हिरवं आणि मातकट. महिनाभर करत होते."

ते कुणासाठी होतं हे आत्यांना विचारावं लागलं नाही. वहिनींचा धाकटा मुलगा नऊ वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेला होता. त्याला मुलगी झाल्याचंही घराला परस्पर कळलं, समोरच्या फ्रेमवाल्याकडून. फ्रेमवाल्याचा मेव्हणा त्याच शहरात राहत होता. नातीचा पहिला वाढदिवस चार दिवसांवर आला होता. मेव्हणा आज दुपारी चारला परत निघणार होता आणि कार्ड हातोहात देणार होता. नऊ वर्षांत या घरातून त्या घरी जाणारा हा पहिला शब्द.

"दुसरं करता येणार नाही?"

वहिनींनी आपल्या बोटांकडे पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं, हे आत्यांनी टिपलं. "नाही होणार आता," त्या म्हणाल्या. "आणि झालं तरी माझ्यात पुन्हा तेवढा धीर नाही."

शेल्फवर शाईच्या बाटल्यांपुढे मोठं हातकागदाचं पाकीट ताठ उभं होतं. त्यावर मुलाचं नाव आणि पत्ता होता. पाठवणाऱ्याची जागा मात्र कोरी होती. जुन्या सवयीने आत्यांची नजर आधी तिथेच गेली, आणि त्यांच्या मनात आलं, ही बाई उत्तराला भिते आहे.

"पोटओळ लिहिली होती?"

"लिहिली होती," वहिनी हळूच म्हणाल्या.

पोटओळ ही या खोलीची रीत. प्रत्येक कार्डाच्या दुसऱ्या थरावर, खालच्या बाजूला, बनवणाऱ्याने मनातलं काहीतरी लिहायचं आणि वरून बाकीचे थर चिकटवून टाकायचे. घेणाऱ्याला ती कधी दिसत नाही. लिहिताना बाकीचे पाठ करून उभे राहतात. वाचायची नाही, विचारायची नाही. पोटात काहीतरी असल्याशिवाय कार्डाला वजन येत नाही, असं वहिनींचं म्हणणं.

"आणि ती कुणी वाचली असेल तर?"

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला.

२. केराच्या टोपलीत

चोर घरचाच, हे आत्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. बाहेरचा चोर माल उचलतो आणि पळतो. मागे त्याच मापाचा पुठ्ठा ठेवत बसत नाही. वहिनी जाता-येता फळ्या चाचपून पाहतात, जाडी जाणवली नाही तर त्यांना कळेल, हे ज्याला माहीत आहे तोच पुठ्ठा ठेवेल. पण पुठ्ठा काही कायम फसवणार नव्हता. म्हणजे त्याला फक्त थोडा वेळ हवा होता. कशाला?

थोरली खोली झाडत होती. सकाळपासून तिसऱ्यांदा. पस्तिशीची, कामाला वाघ, बोलायला महाग. भावाचं नाव तिने नऊ वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. कुणी काढलं तर ती उठून जायची.

"काल कार्ड दाबाखाली कधी ठेवलं?" आत्यांनी तिला विचारलं.

"सहाला. आईने ठेवलं."

"नंतर पालटलं कुणी?" दाबाखालचं कार्ड दोन तासांनी उलटं करावं लागतं, नाहीतर वाळताना वाकतं, एवढं आत्यांना माहीत होतं.

"मी. नेहमी मीच पालटते," थोरली म्हणाली आणि केरसुणी कोपऱ्यात घेऊन गेली.

आत्यांनी केराची टोपली टेबलावर उपडी केली. कातरण, दोऱ्यांची टोकं, वाळलेला गोंद. आणि त्यात बोटभर लांबीची एक पट्टी. पाच कागद एकावर एक घट्ट चिकटलेले. कडेला पाच रंगांच्या पाच रेघा.

वहिनींनी ती हातात घेतली. त्यांनी पाहिलं नाही, अंगठा फिरवला फक्त.

"हे माझं शेत आहे," त्या म्हणाल्या, आणि हात लागला त्या स्टुलावर बसल्या. "कापलं, वन्सं. कार्ड कापून टाकलं."

केरसुणीचा आवाज थांबला.

३. शाईकाकांचं झाकण

"राग होता, खोटं कशाला बोलू," शाईकाका म्हणाले. मागच्या पडवीत ते खल घेऊन बसले होते. नखं कायमची जांभळी. "चार गिऱ्हाइकांसमोर धाकटा पोरगा म्हणाला, काका, तुमच्या शाईपेक्षा नाल्याचं पाणी बरं. यंत्रावर छापायची खुमखुमी होती ना त्याला. पण आत्याबाई, नऊ वर्षं राग धरायचा म्हणजे माणसाला दुसरं काही काम नको. माझी शाईसुद्धा इतकी वर्षं टिकत नाही."

आत्यांनी हसू दाबलं आणि पट्टी उलटी करून पुढे धरली. तिच्या पाठीवर गडद ओले डाग होते. अक्षरांचे असावेत, उलटे उमटलेले. आरशात धरले असते तर वाचता आले असते. आत्यांनी धरले नाहीत. पत्र उघडायची वेळ आली तरी पत्ता सापडेपर्यंतच वाचायचं, पुढे नाही, हा त्यांच्या टेबलाचा नियम होता आणि तो त्यांनी छत्तीस वर्षांनंतरही सोडला नव्हता.

शाईकाकांनी डागावर बोट टेकवलं. बोट काळं झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही लिहायची शाई नाही."

"मग?"

"ठशाची आहे. तेलकट. दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून तर ठसा मारून तिच्यावर पूड टाकली की चिकटते. मग गरम हवा दिली की पूड वितळून अक्षर वर उठतं. लिहायला ही कुणी घेत नाही. आणि हिच्यावर गोंद कधीच धरत नाही, थर सुटून येतो." त्यांनी खल बाजूला ठेवला. "आत्याबाई, चूक माझी आहे. काळी झाकणं संपली म्हणून परवा मी लिहायच्या आणि ठशाच्या दोन्ही बाटल्यांना निळी झाकणं लावली. चिठ्ठ्या आहेत वर. म्हटलं, चिठ्ठी वाचतीलच की."

"चिठ्ठी दिसली तर वाचतील ना," आत्या म्हणाल्या.

वहिनींना दिसेनासं होतंय हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं, कारण वहिनी म्हणायच्या, मला सगळं दिसतंय.

म्हणजे पोटओळ ओलीच राहिली होती. वरचे थर तिथे चिकटलेच नव्हते. आणि ज्याने कार्ड हातात घेतलं असेल त्याच्यासमोर ते आपोआप उघडलं असेल. मग त्याने ते वाचलं, की थेट पातं उचललं?

४. तिरका काप

फ्रेमवाला समोरच्याच दुकानात काचा पुसत होता. त्याचा मेव्हणा सामानाला दोऱ्या बांधत होता आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता.

आत्यांनी पट्टी काउंटरवर ठेवली. "रागाच्या भरात माणूस असं कापतो का?"

फ्रेमवाल्याने ती उजेडात धरली आणि चुकचुकला. "रागाच्या? छे. मोजपट्टी लावून कापलंय, नवं पातं घेऊन. आणि कड बघा, सरळ नाही, तिरकी उतरलीय. चारही बाजूंनी सारखी. माझ्या हाताला वीस वर्षांत जमलं हे."

"तिरकी कशाला कापायची?"

"आम्ही चित्राभोवती पुठ्ठा लावतो ना, त्याला खिडकी कापतो ती तिरकीच. सरळ कापली की कडेची सावली चित्रावर पडते. खालचं नीट दिसायला हवं असेल तर काप तिरका." त्याने पट्टी परत दिली. "मी नाही हां कापलेलं. माझ्या दुकानात काल पाहुणे होते, सासू सोडून सगळे."

"कुणाला जमेल हे, गल्लीत?"

"मला. आणि थोरलीला. मीच शिकवलं होतं तिला." मग तो आत्यांच्या हाताकडे पाहून हसला. "आत्या, सोनं लुटून आलात वाटतं. कोपराला बघा."

आत्यांनी कोपर वळवलं. बाहीवर बारीक सोनेरी कण चिकटले होते. सकाळपासून त्या एकाच ठिकाणी कोपर टेकून उभ्या राहिल्या होत्या, त्या मोठ्या टेबलावर, गरम हवेच्या यंत्राशेजारी.

निळं, हिरवं आणि मातकट, वहिनी म्हणाल्या होत्या. सोनेरी त्यात कुठेच नव्हतं.

आत्यांनी एक कण बोटावर घेऊन उजेडात पाहिला. मग एकदम म्हणाल्या, "चारच्या आधी निघू नका हो पाहुणे." आणि झपाझप रस्ता ओलांडून गेल्या, साठी उलटलेल्या बाईला शोभेल त्याहून जरा जास्तच वेगाने.

५. ताठ पाकीट

थोरली एकटीच होती. झाडायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती कात्र्या पुसत होती.

"बस," आत्या म्हणाल्या. "मी सांगते, चुकलं तर मधे बोल. काल आठला तू कार्ड पालटायला घेतलंस. शेताचे थर हातात सुटून आले, कारण आईने चुकीच्या बाटलीत टाक बुडवला होता. खाली पोटओळ होती, ओली."

थोरली कात्री पुसत राहिली.

"दुसरं कुणी असतं तर गोंद लावून बंद केलं असतं. कार्ड बिघडवायचं असतं तर टराटरा फाडलं असतं. पण तू मोजपट्टी लावून खिडकी कापलीस, तिरकी. खालचं दिसावं म्हणून. आणि त्या ओल्या शाईवर सोनेरी पूड टाकून गरम हवा दिलीस. पुसून टाकायचं असतं त्याला कुणी सोन्याने मढवत नाही. पोटातली ओळ तू वर आणलीस."

"कार्ड कुठेय ते सांग मग," थोरली म्हणाली. आवाज कोरडा होता.

आत्यांनी शेल्फवरचं पाकीट उचललं. तळहातावर तोललं, जशी छत्तीस वर्षं तोलली होती. "सकाळीच कळायला हवं होतं मला. हातकागदाचं रिकामं पाकीट कसलं ताठ उभं राहतंय, ते लगेच मान टाकतं. हे दिवसभर शिपायासारखं उभं आहे."

थोरलीने कात्री खाली ठेवली.

"सकाळी आई फळ्यांना हात घालायच्या आत सांगणार होते," ती म्हणाली. "की मी पाकिटात घातलंय, तू नको बघत बसू. पण आज ती माझ्याआधी उठली. मग रडायला लागली. मग मला सांगायचं झालं तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या. एक, की तुला बाटली ओळखता आली नाही. आणि दुसरी, की मी वाचलं."

"वाचलंस ते सांगायचं असेल तरच सांग."

"दोन ओळी होत्या, आत्या. पहिली, 'जा म्हणाले ती मी, चूक माझी होती.' आणि दुसरी..." तिने कात्री पुन्हा उचलली. "'तुझ्या ताईला मी हे अजून सांगितलेलं नाही.'"

आत्यांना सगळं आठवलं. नऊ वर्षांपूर्वी तो गेला त्या चार दिवसांत थोरली बाहेरगावी होती. परत आली तर भाऊ नाही. आई म्हणाली होती, गेला, कुणाला न सांगता गेला.

"मला वाटत होतं, मला न सांगता गेला," थोरली म्हणाली. "मला. लहानपणी माझा हात सोडून रस्ता ओलांडायचा नाही तो. नंतर त्याची दोन पत्रं आली होती मला. न उघडता परत केली मी. आता आईवर चिडू तर कुठल्या तोंडाने? मीही तेच केलं की."

"मग खिडकी का कापलीस?"

"तो ते कधीच वाचणार नव्हता ना. आईने माफी मागितली तीही पाच थरांखाली. आमच्या घराची रीतच ती." तिने डोळे पुसले. "म्हटलं, निदान पोटओळ तरी पोहोचू दे."

दारात काहीतरी सरकलं. वहिनी चौकटीला धरून उभ्या होत्या, आणि त्या कधीपासून तिथे होत्या हे कुणालाच सांगता आलं नसतं.

६. चार वाजता

"द्या इकडे," वहिनी म्हणाल्या.

आत्यांनी पाकीट दिलं. वहिनींनी कार्ड बाहेर काढलं आणि खिडकीशी नेलं, मग उजेडाचा नाद सोडून डोळे मिटले आणि बोटं फिरवली. आभाळ, डोंगर, झाडं, घर. मग शेत, आणि शेतात बोटभर लांबीची खिडकी. तिथे बोट अडखळलं. अक्षरं उठलेली होती, गुळगुळीत. महिनाभरात स्वतःचं काहीच त्यांना नीट वाचता आलं नव्हतं. हे वाचता आलं. त्यांनी ते अक्षर अक्षर वाचलं, ओठ हलवत, शेवटच्या शब्दापर्यंत.

"दुसरी ओळ?" त्यांनी विचारलं.

"झाकली," थोरली म्हणाली. "ती त्याच्यासाठी नव्हती. माझ्यासाठी होती."

वहिनींनी कार्ड टेबलावर ठेवलं. नणंदेसमोर रडायचं नाही हा त्यांचा चाळीस वर्षांचा बाणा होता आणि तो आज मोडला. "सांगणार होते तुला," त्या म्हणाल्या. "दर वर्षी ठरवायचे. तू त्याच्यावर रागावलीस की मला बरं वाटायचं, कारण मग माझ्यावर कुणी रागावत नव्हतं. किती वाईट बाई आहे मी."

"मी रागावलेय तुझ्यावर," थोरली म्हणाली. "चांगलीच रागावलेय. तुझे डोळे दाखवून येऊ आधी, मग भांडू. ज्याला दिसतच नाही त्याच्याशी भांडण्यात मजा नाही."

वहिनी रडता रडता हसल्या. मागे पडवीतून शाईकाकांनी नाक ओढल्याचा आवाज आला. ते कान देऊन उभे होते हे उघड झालं, आणि तेही आत आले.

"बाई, झाकणं मी आजच बदलतो," ते म्हणाले.

"नका बदलू," वहिनी म्हणाल्या. "त्या झाकणामुळे तर एवढं झालं." मग जरा थांबून, "बरं, बदला. आणि चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात लिहा. मला दिसत नाही."

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं.

समोरून फ्रेमवाल्याने हाक दिली. चारला पाच मिनिटं होती. वहिनींनी कार्ड पुन्हा हातात घेतलं, आणि तिथेच त्यांचा हात थांबला. उघडी माफी पाठवणं हे झाकलेल्या माफीपेक्षा फार वेगळं. झाकलेली माफी मागितली असं म्हणता येतं आणि कुणी नाकारू शकत नाही.

"त्याने उत्तरच दिलं नाही तर?" वहिनी म्हणाल्या.

"वहिनी," आत्या म्हणाल्या, "तीस वर्षं माझ्या टेबलावर पत्रं येऊन पडायची. त्यांतली निम्मी उत्तरं असायची. माणसं उत्तरं लिहितात हो. ती कुठे पाठवायची तेवढं त्यांना ठाऊक नसतं." आणि त्यांनी पाकिटाच्या कोऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

वहिनींनी कार्ड पाकिटात सरकवलं आणि टाक उचलला. मग तो लेकीपुढे धरला. "मला ओळ सरळ येणार नाही. तू लिही."

थोरलीने आधी बाटलीवरची चिठ्ठी वाचली, मग टाक बुडवला. पाठवणार, तिने लिहिलं, आणि तिथे ती घुटमळली. भाऊ तिला ज्या नावाने हाक मारायचा ते तिने नऊ वर्षांत कुठे लिहिलं नव्हतं.

पाठवणार : आई आणि ताई. खाली तिने घराचा पत्ता लिहिला, सगळा, मजल्यासकट, आणि शाई वाळेपर्यंत पाकिटावर फुंकर घालत रस्ता ओलांडून गेली.